तिनाहियासच्या चढावरचा पिवळा दिवा

४ जून, सोमवार
तिनाहियासच्या चढावर, ऐन धुक्यात, चेक इंजिनचा दिवा लागला. पिवळा, इंजिनाच्या चित्राचा. अकरा वर्षांत या गाडीने माझे टायर खाल्ले, क्लच खाल्ला, एकदा आख्खा रेडिएटर खाल्ला, पण हा दिवा कधी लागला नव्हता. मी डॅशबोर्डवर बुक्की मारली. दिव्याला काही फरक पडला नाही, माझं मनगट मात्र दिवसभर दुखतंय.

क्लिनिकच्या वहीत मी किलोमीटर आणि वेळा लिहिते. बाकीचं सगळं इथे लिहिते. घरात ऐकायला कोणी नाही. नवरा, एलोय, न्यूयॉर्कला घरांची छपरं बसवतोय, त्याला आता चौदा वर्षं झाली.

गाडीत नेहमीचे तिघे पेशंट होते. पहाटे पाचला आमच्या नाबोन गावाहून निघायचं, साडेसहाला क्वेंका शहरात. सातला तिघांची रक्त धुवायची मशीनं सुरू होतात, ती चार तास चालतात. मीठ तिघांनाही वर्ज्य. मग परत. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पूर्वी पाच जण होते. एक वारले, एकीला मुलाने ग्वायाकिलला नेलं. उरले अब्दोन मास्तर, एतेल्विना आणि मार्लेने.

मास्तर एकाहत्तर वर्षांचे. शाळेत शिकवलं, आणि गावच्या बँडमध्ये चाळीस वर्षं तो अंगाभोवती गुंडाळायचा मोठा पितळी बाजा वाजवला. आता हातात पिशवीसुद्धा जड होते. त्यांना मी पुढे माझ्या शेजारी बसवते, कारण इंजिन आमच्या सीटखालीच आहे आणि गाडीत खरी ऊब तेवढ्या जागेलाच. त्यांच्या मागे एतेल्विना. बाजारात बटाटे विकायची, आता तक्रारी करते. मार्लेने चौतीस वर्षांची, शिवणकाम करते, मागच्या सीटवर बसते आणि बसल्या बसल्या झोपते.

दिवा बघून एतेल्विना म्हणाली, "हे काय पेटलं?"
"गाडीचं आहे, तुमचं नाही," मी म्हटलं.

५ जून, मंगळवार
विल्फ्रिदोकडे गेले. अकरा वर्षं याच मायेस्त्रोकडे, याच मेकॅनिककडे जाते. त्याने स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, पडद्याकडे बघून ओठ मुडपले.

"ऑक्सिजन सेन्सर, दोन्या बेल्हिका."
"म्हणजे?"
"इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते हा सेन्सर मोजतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. हा म्हणतोय की धुरात हवा जास्त, पेट्रोल कमी पडतंय. म्हातारा झालाय, काहीही बडबडतो."
"मग त्याला काढ."

त्याने पुढच्या सीटा काढल्या, इंजिनावरचं झाकण उघडलं, त्याखालचं काळं रबर फाटलं ते उचलून कोपऱ्यात टाकलं, आणि दोन तास शिव्या घालत जुना सेन्सर सोडवला. नवा बसवला. मी त्याच्या डोक्याशी उभी होते, कारण उद्याची फेरी होती. "आवर," एवढंच मी दर पाच मिनिटांनी म्हणत होते. दिवा विझला.

वीस जुलैला गाडीची वार्षिक तपासणी आहे. दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास, आणि पासाचा कागद नसेल तर क्लिनिकचं काम बंद. हे विल्फ्रिदोला सांगितलं. तो म्हणाला, वीस जुलैला अजून लग्न लावून पोरं होतील एवढा वेळ आहे.

६ जून, बुधवार
दिवा नाही. छान. गार इंजिनाला सकाळी टिक टिक टिक असा आवाज येत होता, शिलाई मशीन चालल्यासारखा. गरम झाल्यावर थांबला. मी रेडिओ मोठा केला.
परत आल्यावर डोकं दुखलं. रात्री नीट झोप झाली नव्हती.

११ जून, सोमवार
दिवा परत. कुम्बे गावाच्या अलीकडे, अगदी गालातल्या गालात हसल्यासारखा.
विल्फ्रिदोने कोड पुसला. "उंचीमुळे होतं. तीन हजार चारशे मीटरवर हवाच पातळ, सेन्सर बिचारा काय करणार?"
मी विचारलं, "अकरा वर्षं डोंगर काय खाली होता का?"
यावर तो पेट्रोलच्या भेसळीवर बोलायला लागला. पेट्रोल मात्र खरंच जास्त लागतंय. पूर्वी टाकी चार फेऱ्या पुरायची, आता तिसरीच्या शेवटी काटा खाली.

१५ जून, शुक्रवार
आज एतेल्विनाने हद्द केली. बाहेर दोन अंश, वारा असा की गवत आडवं झोपलेलं, आणि बाईने खिडकी सरकवून उघडी टाकली.

"दोन्या एतेल्विना, ती बंद करा."
"वास येतोय."
"कसला?"
"जळका. चूल नीट पेटली नाही की येतो तसा."
"पेट्रोलच्या गाडीत पेट्रोलचा वास येणार, गुलाबाचा नाही येणार."
मार्लेने मागून कुडकुडत म्हणाली, "मावशी, माझे दात वाजतायत."
मास्तरांनी गळपट्टा नाकापर्यंत ओढून घेतला. ते बघून मला तिचा जास्त राग आला. मी गाडी थांबवली, उतरले, बाहेरून खिडकी लावली आणि परत येऊन बसले. दहा मिनिटांनी ती पुन्हा बोटभर उघडी. आरशात बघितलं तर बाई सरळ समोर बघत बसलेली, जणू खिडकी वाऱ्याने उघडली.

हिला सगळ्याचाच वास येतो. मागच्या वर्षी क्लिनिकच्या चादरींना उंदरांचा वास येत होता. त्यासाठी तिने परिचारिकेला सगळ्या चादरी बदलायला लावल्या होत्या.

दुपारी पुन्हा डोकं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. छप्पन्न पूर्ण होतील ऑगस्टमध्ये.

१७ जून, रविवार
एलोयचा फोन. दिव्याचं सांगितलं. पाच हजार किलोमीटरवरून त्याला लगेच कळलं.
"तो तिथला सेन्सर नकली असणार. मी इथून अस्सल पाठवतो. गावातला रोसालियो पुढच्या आठवड्यात येतोय, त्याच्याकडे देतो."
"तूच घेऊन ये ना."
"डिसेंबरात बघू."
मागच्या वर्षीही डिसेंबरच होता. पण यंदा छपरांचं काम कमी आहे म्हणतो, त्यामुळे जमेल असं वाटतं.

१८ जून, सोमवार
मास्तरांना क्लिनिकच्या दारातच उलटी झाली. परिचारिका म्हणाली, या वयात मशीन सोसत नाही सगळ्यांना. मी म्हटलं, अहो, अजून मशीनवर चढलेही नाहीत ते. ती म्हणाली, मग मागच्या वेळचं असेल.
मला हे पटलं नाही, पण मला कुठे तिच्याएवढं कळतं.

२२ जून, शुक्रवार
खिडकीचा निकाल लावला. काल बाजारातून रुंद टेप आणली आणि एतेल्विनाच्या खिडकीची फट आतून, चारी बाजूंनी बंद करून टाकली. मग हात लागलाय तर मागच्याही दोन्ही खिडक्या केल्या. नीट काम केलं, सुरकुतीसुद्धा नाही.

सकाळी तिने टेपवरून बोट फिरवलं.
"हे काय?"
"थंडी."
"तू आम्हाला डब्यात भरलंस, बेल्हिका."
तिने मला मानाचं 'दोन्या' म्हटलं नाही. मी गाडी सुरू केली. गाडी मात्र छान उबदार झाली. मार्लेने तर अशी झोपली की क्लिनिकला खांदा धरून हलवावं लागलं, आणि उठल्यावर म्हणाली, "पोहोचलो? मला वाटलं आपण निघतोय." मास्तरही झोपले. शांत फेरी झाली. एकटी एतेल्विना कपाळ दाबत बसली होती, मला दाखवायला.

२९ जून, शुक्रवार
रोसालियो आला. सेन्सर एका मोज्यात गुंडाळून, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर एलोयचं पत्र. पत्रात दोन ओळी सेन्सरबद्दल आणि एक माझ्याबद्दल.

दुपारी विल्फ्रिदोकडे. त्याला दुसऱ्याने आणलेला माल बसवायला आवडत नाही. "अस्सल," म्हणाला, "अस्सल म्हणे," आणि सीटा काढायला लागला. मी पुन्हा त्याच्या डोक्याशी. झाकणाचे सहा बोल्ट होते, त्यातले दोन कुठेतरी घरंगळले. "राहू दे, चारांवर बसतं," तो म्हणाला. मीही म्हटलं, राहू दे. पाच वाजले होते.

२ जुलै, सोमवार
जाताना दिवा नाही. तिनाहियास ओलांडला, दिवा नाही. कुम्बे, तार्की, दिवा नाही. मी मास्तरांना म्हटलं, "बघा, नवऱ्याचा काहीतरी उपयोग झाला."
मास्तर म्हणाले, "हं?" त्यांना दोनदा सांगावं लागलं. ओठ लाल दिसत होते त्यांचे, म्हटलं थंडीने फुटले.
येताना, घरापासून नऊ किलोमीटरवर, दिवा लागला.

मी गाडी बाजूला घेतली, चावी काढली, आणि रस्त्याच्या कडेच्या एका गाईकडे बघत बसले. गाईने मला बघून मान वळवली. दोन सेन्सर. एक इथला, एक न्यूयॉर्कचा. दोघंही सारखंच खोटं बोलतात.

४ जुलै, बुधवार
वाईट दिवस. क्लिनिकला पोहोचलो तर मास्तर उठेनात. हाका मारल्या, गालावर थोपटलं. डोळे अर्धे उघडे. दोन परिचारकांनी स्ट्रेचरवर नेलं. त्यांना तिथून मोठ्या इस्पितळात हलवलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावताना बघितलं मी. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचं नाव घेतलं.

लिगियाला, त्यांच्या मुलीला, फोन मी केला. ती म्हणाली, "सकाळी अंगणात तर चेष्टा करत होते. मांजराला टोपी घालत होते."
रस्त्यात दीड तास माझ्या शेजारी होते आणि मला वाटलं, झोपलेत.

एतेल्विना वेटिंगच्या बाकावरून म्हणाली, "तुझ्या गाडीत माणसं मरतील."
मी म्हटलं, "तुम्हाला नसेल बसायचं तर बस आहे सार्वजनिक." चार माणसांसमोर म्हटलं.

६ जुलै, शुक्रवार
ती खरंच बसने गेली. साडेचारची बस, नाबोनचा अर्धा बाजार त्यात, कोंबड्यांसकट. मी क्लिनिकला पोहोचले तर बाई आधीच येऊन बसलेली, केस विंचरलेले.

"कशी होती बस?" मी टोमणाच मारला.
"उभी राहून आले. डोकं दुखलं नाही."
"अभिनंदन."
"बेल्हिका, महिनाभरात पहिल्यांदा दुखलं नाही."
मी कॉफी आणायला निघून गेले. जिंकल्याचा आनंद सुद्धा तिला गप्प बसून घेता येत नाही.

९ जुलै, सोमवार
मास्तर परत. इस्पितळात पाच दिवस राहून दहा वर्षांनी तरुण होऊन आलेले. शुक्रवारचं मशीन तिथेच झालं म्हणाले, आणि कसलाही त्रास नाही. दारातून गाडीपर्यंत स्वतः चालत आले. मी त्यांच्या पायांवर जास्तीची घोंगडी घातली आणि पंखा गरम हवेवर टाकला. निघताना त्यांनी मला त्यांच्या बँडमधल्या ढोलवाल्याची गोष्ट सांगितली, जो मिरवणुकीत झोपेत वाजवायचा आणि कधी चुकायचा नाही. हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिनाहियासपर्यंत ते गप्प झाले. कुम्बेला मान छातीवर.

११ जुलै, बुधवार
येताना मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं उलटी. पण ते सरळ बसून होते.

"दोन्या बेल्हिका, शुक्रवारी माझ्यासाठी थांबू नका."
"का? लिगिया सोडणार आहे?"
"मी येणार नाही. शुक्रवारी नाही, सोमवारी नाही. पुरे झालं."
"मास्तर, मशीन सोडलं तर..."
"दहा-बारा दिवस, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी विचारून घेतलंय. इस्पितळात बरा होतो, आणि पुन्हा हे सुरू झालं की माझं डोकं फुटतं, पोट ढवळतं, नावं आठवत नाहीत. सोमवारी मला बायकोचं नाव आठवायला कुम्बेपासून तार्कीपर्यंत लागलं. असं जगायचं नाही मला."

मार्लेने मागे झोपली होती. मी म्हटलं, "लिगियाला सांगितलंत?" ते म्हणाले, "आज सांगतो." मग मी गिअर टाकला. दारात सोडताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला, जसा बँड संपल्यावर पाहुण्यांशी मिळवतात.

दिवा पेटलेलाच होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, मी त्याच्यावर रुमाल टाकला.

१२ जुलै, गुरुवार
विल्फ्रिदोकडे. तपासणी आठ दिवसांवर. त्याने डोकं खाजवलं, दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.
"दोन्या, दिव्याचा बल्बच काढून टाकतो. नाही पेटणार, नाही दिसणार."
"आणि गाडी?"
"गाडी चालतेय ना?"

मी हो म्हणणार होते. हे इथे खरं लिहिते. तोंडापर्यंत आलं होतं. मग तो म्हणाला, "तुम्ही बायका दिव्याला फार घाबरता," आणि मी चावी उचलली. अकरा वर्षं. जाताना पाठीमागून म्हणाला, "सेन्सरला कोणी सापडणार नाही तुम्हाला माझ्यासारखा." तेही खरंच असावं.

१३ जुलै, शुक्रवार
आजच लिहायला हवं.

मास्तर नाहीत, एतेल्विना बसने. मार्लेने आणि मी, दोघीच. कुम्बेच्या वरच्या वळणांवर मला काय झालं माहीत नाही. डोळे उघडे होते. चाकांखाली खडी वाजली तेव्हा कळलं की रस्ता डावीकडे गेलाय आणि मी सरळ जातेय. ब्रेक मारला. पुढे चार हात गवत आणि मग काही नाही.

मार्लेनेला हाक मारली. ती उठली नाही. मी मागे जाऊन तिला गदगदा हलवलं, तिचा हात माझ्या हातातून घसरून पडला. दार उघडं टाकून, पहिल्या गिअरमध्ये, गाडी कुम्बेपर्यंत आणली, आणि उजेड दिसला तिथे घुसवली. सायलेन्सर जोडणाऱ्याचं दुकान होतं. इसाउरो म्हणून. म्हातारा अंगण झाडत होता, हातात कॉफी.

मी म्हटलं, "माझी पेशंट उठत नाही."
त्याने आधी गाडीचं इंजिन बंद केलं. मग त्याने आणि त्याच्या बायकोने मार्लेनेला उचलून बाहेर वाऱ्यात बाकावर आणलं. थोड्या वेळाने तिने उलटी केली आणि विचारलं, "पोहोचलो?" मी रडले. बायको तिच्या तोंडावर पाणी मारत होती.

इसाउरो गाडीभोवती फिरत होता. टेप लावलेल्या खिडक्यांसमोर तो जरा थांबला.
"हे कोणी केलं?"
"मी."
मार्लेनेला सावरेपर्यंत इंजिन निवलं होतं. त्याने ते चालू केलं, कान दिला. टिक टिक टिक. "हा आवाज कधीपासून?"
"जूनपासून. गरम झालं की जातो."
"लोखंड गरम झालं की फुगतं, चीर आवळते, आवाज जातो. धूर थोडा थोडा येतच राहतो. गार असताना उघडी." त्याने सीटा काढल्या, झाकण उचललं, पाइपच्या शेपटाला चिंधी कोंबली आणि एका डब्यातून साबणाचं पाणी इंजिनाला चिकटलेल्या त्या जाड लोखंडी नळीवर ओतलं, जिथून सगळा धूर निघतो. पाणी बुडबुडायला लागलं. एका ओळीत, माझ्या बोटाएवढ्या लांबीत. आजूबाजूला काजळीचा काळा पंखा उमटलेला.

"आणि सेन्सर?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं कळत नव्हतं.
"सेन्सर चिरेच्या पुढे आहे. चिरेतून धूर बाहेर फुटतो, आणि मधल्या झटक्यांत बाहेरची हवा आतही ओढली जाते, ती तो मोजतो. म्हणतो, हवा जास्त आहे. बरोबरच म्हणतो. मग कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो, आणि धूर आणखी विषारी होतो. तो धूर इथून वर येतो." त्याने झाकणाची कड दाखवली. रबर नाही. दोन बोल्टची भोकं रिकामी. "बरोबर या दोन सीटांच्या मध्ये. डोकं दुखतं का तुमचं?"

मी हो म्हटलं.
"इथे शेजारी कोण बसतं?"

मार्लेनेला इसाउरोच्या बायकोने पिकअपमधून क्लिनिकला नेलं. मी गाडी तिथेच ठेवून नाबोनला जाणारी बस पकडली आणि तडक मास्तरांच्या दारात गेले. लिगिया डोळे सुजलेली. मास्तर ओसरीत खुर्चीत, कानटोपी घालून.

मी उभ्यानेच सांगितलं. आवाज, दिवा, दोन सेन्सर, रबर, बोल्ट, टेप. टेपचं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "मशीनने नाही, मास्तर. माझ्या गाडीने. तुम्हाला मी सगळ्यात जास्त उबेत बसवत होते."

लिगिया म्हणाली, "आणि तुम्हाला कळलं नाही?"
"नाही."
"दीड महिना?"
"एतेल्विनाला कळलं होतं. मी तिचं ऐकलं नाही."

लिगिया आत निघून गेली. भांडं आपटल्याचा आवाज आला. मास्तरांनी अंगणातल्या मांजराकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे इस्पितळात बरं वाटलं ते..."
"ऑक्सिजनमुळे. आणि तुम्ही माझ्या गाडीत नव्हतात म्हणून."
"तिचं नाव रोसाउरा," ते म्हणाले. "बायकोचं. आज सकाळी उठलो तेव्हा आठवत होतं. मला वाटलं, मरायचं ठरवलं म्हणून मन शांत झालंय."

मी क्लिनिकला फोन लावला आणि डॉक्टरीणबाईंना हे सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग दोन गोष्टी म्हणाल्या: मास्तरांना उद्या शनिवारीच आणा, मी मशीन मोकळं ठेवते, आणि तुमची गाडी पुढचं कळेपर्यंत बंद. मास्तरांनी मान डोलावली, मी दोन्हीला हो म्हटलं.

विल्फ्रिदोला कुठूनतरी कळलं. संध्याकाळी त्याचा निरोप आला, कशाला सगळ्यांना सांगत सुटलात, दुरुस्त केलं असतं आणि झालं असतं. मी उत्तर दिलेलं नाही. एलोयलाही अजून सांगितलेलं नाही. तो म्हणेल, दुसरा सेन्सर पाठवू का.

१४ जुलै, शनिवार
साडेचारच्या बसला मास्तर, मी आणि एतेल्विना. तिचं आज मशीन नव्हतं. स्टँडवर शालीत गुंडाळून उभी होती.
"तुम्ही कुठे?" मी विचारलं.
"मास्तरांना एकट्या तुझ्या हाती सोडणार नाही."

मी तिला जे म्हणायचं ठरवलं होतं ते रात्रभर पाठ केलेलं होतं. बसमध्ये गर्दीत, तिच्या पाठीला पाठ लावून उभं राहून म्हटलं. पूर्ण म्हटलं, मधे कंडक्टर ओरडला तरी थांबले नाही. ती पुढे बघत म्हणाली, "माझी बहीण कोळशाच्या शेगडीने गेली, बंद खोलीत. मी पंधरा वर्षांची होते. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं." आणि मग, "बाजूला सर, मास्तरांना धरायला जागा दे."

सबंध रस्ताभर मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिनाहियास, कुम्बे, तार्की. ते खिडकीबाहेर बघत होते आणि एका शेतात उभ्या असलेल्या गाढवाबद्दल काहीतरी म्हणाले. क्लिनिकला पायऱ्या हळूहळू चढले, पण चढले. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, माझंही रक्त तपासायला घेतलं. मार्लेने बरी आहे म्हणाल्या. क्लिनिक मला परत घेईल की नाही हे त्या म्हणाल्या नाहीत, मी विचारलंही नाही. इसाउरो म्हणतो, सगळी नळीच बदलावी लागेल, आठवडा जाईल. म्हणजे तपासणी चुकलीच. चुकू दे.

चार तास आम्ही दोघी बाकावर बसलो. मी दोनदा कॉफी आणली, एकदा तिने घेतली.

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. तार्कीच्या पुढे मास्तर म्हणाले, "भूक लागली."
लिगियाने सांगितलं होतं की दीड महिना ते मशीनच्या दिवशी घशाखाली काही उतरवत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एतेल्विनाने शालीखालून फडकं काढलं, त्यात उकडलेली तीन अंडी. एक स्वतःच्या मांडीवर ठेवलं, दोन माझ्या हातावर दिली.

"तुझी नाहीत," ती म्हणाली. "सोलून दे त्यांना."

मी सोलली. बस हलत होती, टरफलं सगळी माझ्या झग्यावर पडली. मास्तरांनी दोन्ही खाल्ली, बोटं चाटली आणि विचारलं, मीठ नाही का. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "नाही."